वाळूचा तट आणि तटावरची माणसे : रामनगर ते वेळास

वाराणसीच्या घाटांवरून पूर्वेकडे पाहिले असता गंगेच्या पलीकडे वाळूचा विस्तीर्ण पट्टा दृष्टीस पडतो. दक्षिणेस रामनगरच्या किल्ल्यापासून उत्तरेस मालवीय पुलापर्यंत पसरलेल्या नदीच्या सुमारे सात किलोमीटर भागाला १९८९ मध्ये कासव अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले होते. २०२० मध्ये हा दर्जा रद्द करण्यात आला. गोड्या पाण्यातील कासवांसाठी राखलेले हे देशातील एक आगळे अभयारण्य होते. तीस वर्षांहून अधिक काळ कागदोपत्री सुरक्षित असलेला हा तट एका अधिसूचनेने मिळाला आणि दुसऱ्या अधिसूचनेने गेला.

तेथून दीड हजार किलोमीटरच्या आसपास अंतरावर, रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात वेळास हे गाव आहे. नाना फडणवीसांचे मूळ गाव म्हणून ते इतिहासप्रेमींना परिचित आहे. येथील वाळूच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवे अंडी घालण्यासाठी येतात. या किनाऱ्याला अभयारण्याचा दर्जा नव्हता. तरीही २००२ पासून येथे कासवांच्या घरट्यांचे रक्षण होत आले आहे आणि ते करणारे हात प्रामुख्याने गावकऱ्यांचे आहेत.

हवामानबदलाशी जुळवून घेण्याच्या चर्चेत तटवर्ती परिसंस्थांचे रक्षण हा विषय आता अग्रस्थानी आला आहे. कांदळवने, वाळूचे किनारे, खाड्या, पूरमैदाने यांचे जतन केले तर वादळे आणि पूर यांचा तडाखा सौम्य होतो, याबद्दल तज्ज्ञांमध्ये फारसा मतभेद नाही. मतभेद आहे तो हे रक्षण कोणासाठी आणि कोणाच्या सहभागाने करायचे याबद्दल. या प्रश्नाचे उत्तर शोधताना रामनगर आणि वेळास यांची तुलना उद्बोधक ठरते.

गंगेचा तट आणि मराठी माणूस

काशीजवळ गंगा उत्तरवाहिनी होते आणि अर्धचंद्राकार वळण घेते. वळणाच्या बाहेरच्या, म्हणजे पश्चिमेच्या काठावर शहर वसले आहे. हा काठ उंच आणि कठीण आहे. वळणाच्या आतल्या, म्हणजे पूर्वेच्या बाजूस प्रवाह मंदावतो आणि वाळू साचते. बाहेरचा काठ कापत जाणे आणि आतल्या काठावर गाळ टाकणे हा कोणत्याही वळणदार नदीचा स्वभाव आहे. पूर आला की पूर्वेकडचा हा मोकळा पट्टा पाणी सामावून घेतो. पूर ओसरला की वाळूत मुरलेले पाणी हळूहळू नदीला परत मिळते.

मराठी वाचकाला या भूगोलाशी असलेले नाते नव्याने सांगावे लागू नये. पश्चिम काठावरील अनेक घाट मराठी राज्यकर्त्यांनी बांधले अथवा सुधारले. अहिल्याबाई होळकर, नागपूरचे भोसले, ग्वाल्हेरचे शिंदे आणि पेशवे यांची नावे आजही तेथे आढळतात. बायजाबाई शिंदे यांनी एकोणिसाव्या शतकात बांधवलेल्या शिंदे घाटाचा भाग आपल्याच भाराने खचला आणि घाटाची पुढे नव्याने बांधणी करावी लागली. तेथील एका बाजूस कललेले मंदिर प्रवाशांच्या कुतूहलाचा विषय झाले आहे. पक्क्या दगडी बांधकामालाही नदीच्या काठावर मर्यादा असते, ही गोष्ट शिंदे घाटाने फार पूर्वीच दाखवून दिली होती. घाटांची सुरक्षितता समोरच्या तटाशी निगडित आहे, हे भान मात्र धोरणांत क्वचितच दिसते.

एका उद्देशासाठी निर्माण झालेले अभयारण्य

१९८६ मध्ये गंगा कृती योजनेचा आरंभ झाला. काशीत अंत्यसंस्कारांनंतर अर्धवट जळालेले अवशेष नदीत सोडले जात. मृत जीवांवर उपजीविका करणारी कासवे नदीत सोडल्यास पाण्याची नैसर्गिक स्वच्छता होईल, अशी कल्पना पुढे आली. सारनाथ येथे प्रजनन केंद्र उभारण्यात आले. चंबळच्या परिसरातून आणलेली अंडी तेथे उबवून पिल्ले वाढवण्यात आली आणि हजारो कासवे रामनगरच्या परिसरात गंगेत सोडण्यात आली. त्यांना संरक्षण मिळावे म्हणून अभयारण्य घोषित झाले.

या योजनेमागील हेतू चांगला होता, पण दृष्टी संकुचित होती. कासवांकडे सफाई कामगार म्हणून पाहिले गेले. वाळूचा तट, त्यावर अंडी घालणारे जीव, उथळ पाण्यातील मासे, पूरमैदान आणि त्यावर जगणारी माणसे मिळून एक परिसंस्था बनते, हा विचार त्यात नव्हता. परिणामी नदीची स्वच्छता अपेक्षेप्रमाणे झाली नाही, तेव्हा अभयारण्याच्या प्रयोजनावरच प्रश्नचिन्ह उभे राहिले. सांडपाण्याचे अपयश कासवांच्या नावे जमा झाले.

दुसरी उणीव अधिक गंभीर होती. अभयारण्य झाल्यावर या पट्ट्यात मासेमारी आणि वाळूउपसा यांवर बंदी आली. नदीवर जगणाऱ्या निषाद, अर्थात मल्लाह समाजाची उपजीविका नौकानयन, मासेमारी, वाळू आणि पूर ओसरल्यानंतर काठावर घेतला जाणारा भाजीपाला व कलिंगड-खरबुजासारखी पिके यांवर अवलंबून असते. बंदीचा भार या समाजावर पडला. कासवांच्या रक्षणात त्याला कोणतीही भूमिका अथवा वाटा मिळाला नाही. ज्यांना नदीचे सर्वाधिक ज्ञान, तेच कायद्याच्या दृष्टीने संशयित ठरले. त्यामुळे २०२० मध्ये अभयारण्याचा दर्जा गेला, तेव्हा त्याच्या बचावासाठी तटावरून मोठा आवाज उठला नाही, यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही.

दर्जा काढून घेण्याच्या बाजूनेही युक्तिवाद होते. शहराची वस्ती, होड्यांची वर्दळ आणि प्रदूषण यांमुळे या ठिकाणी कासवांचे संवर्धन अवघड झाले असल्याचे सांगण्यात आले. वाळूउपशावरील बंदीमुळे पूर्वेकडे वाळू साचते आणि प्रवाहाचा दाब घाटांवर वाढतो, असेही एक मत मांडले गेले. वळणाच्या आतल्या बाजूस वाळू साचणे नैसर्गिक आहे, आणि वरच्या भागातील धरणे व कालवे यांमुळे प्रवाह क्षीण झाल्याने ही प्रक्रिया वाढली आहे, असे दुसरे मत आहे. पर्याय म्हणून प्रयागराज, मिर्झापूर आणि भदोही जिल्ह्यांच्या हद्दीत सुमारे ३० किलोमीटर लांबीच्या नव्या कासव अभयारण्याची निवड करण्यात आली. कासवांच्या दृष्टीने तो प्रदेश कदाचित अधिक शांत असेल. मात्र रामनगरच्या तटाचे पूर सामावण्याचे कार्य मिर्झापूरला हलवता येत नाही.

बदललेला तट

अभयारण्याच्या भोवती विकासाच्या योजना आधीच आकार घेत होत्या. प्रयागराज ते हल्दिया हा १,६२० किलोमीटरचा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १ या भागातून जातो. नोव्हेंबर २०१८ मध्ये रामनगरजवळ बहुविध वाहतूक टर्मिनलचे उद्घाटन झाले आणि कोलकात्याहून मालवाहू जहाज तेथे पोहोचले. २०२१ मध्ये पूर्वेकडील वाळूतून पाच किलोमीटरहून अधिक लांबीचा कालवा खोदण्यात आला. घाटांवरील प्रवाहाचा दाब कमी करणे हा त्यामागील हेतू सांगण्यात आला होता. त्याच वर्षीच्या पुराने तो कालवा वाळूने भरून टाकला. जानेवारी २०२३ मध्ये याच वाळूवर पर्यटकांसाठी तंबूंचे शहर उभे राहिले आणि हे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादासमोर गेले.

जलमार्ग, पर्यटन आणि घाटांचे रक्षण ही उद्दिष्टे अप्रस्तुत नाहीत. परंतु प्रत्येक योजनेने वाळूचा पट्टा ही मोकळी, निरुपयोगी जागा असल्याचे गृहीत धरले. पुराच्या वेळी त्या जागेचा उपयोग काय असतो, हे पावसाळा सांगून जातो.

वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६ मीटर आहे. १९७८ च्या सप्टेंबरमध्ये नदीने ७३.९० मीटरची विक्रमी पातळी गाठली होती. त्यानंतर २०१३, २०१६, २०२१, २०२२ आणि २०२५ या वर्षी धोक्याची पातळी ओलांडली गेली. गंगा चढली की तिचे पाणी वरुणा नदीत उलटे शिरते आणि सखल वस्त्या पाण्याखाली जातात. मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र घाटांवर अंत्यसंस्कार वरच्या गच्चीवर अथवा गल्लीत करावे लागतात. नावा बांधून ठेवाव्या लागतात आणि नावाड्यांचे उत्पन्न त्या काळापुरते थांबते. प्रत्येक पूर हवामानबदलामुळेच येतो असे म्हणणे शास्त्रीय ठरणार नाही. मात्र तापमानवाढीबरोबर थोड्या वेळात अतिवृष्टी होण्याचे प्रमाण वाढते, हे सर्वमान्य झाले आहे. अशा वेळी पाणी पसरण्यासाठी असलेली जागा व्यापणे ही दूरदृष्टी म्हणता येणार नाही.

रामनगरच्या शेतकऱ्यांना या जागेचे मोल ठाऊक आहे. गंगेच्या गाळाच्या जमिनीत पिकणारे तेथील मोठे गोल वांगे रामनगर भंटा म्हणून प्रसिद्ध असून २०२३ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पूर हा या शेतीचा शत्रू आहे आणि पोशिंदाही आहे.

वेळासचा अनुभव

वेळासची कथा वेगळ्या दिशेने गेली. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने कोकण किनाऱ्यावर सागरी कासवांच्या घरट्यांच्या रक्षणाचे काम सुरू केले. पूर्वी अंडी खाण्यासाठी अथवा विकण्यासाठी गोळा केली जात. संस्थेने गावातील माणसांनाच घरटी शोधण्याचे आणि राखण्याचे काम दिले. वाळूत सापडलेली अंडी कुंपण घातलेल्या सुरक्षित जागेत पुन्हा पुरली जातात आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी बाहेर पडणारी पिल्ले समुद्राकडे सोडली जातात. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुण्यांची सोय गावातील घरांमध्येच होऊ लागली आणि ज्या हंगामात कोकणातील खेडे रिकामे वाटते, त्या हंगामात घराघरांत उत्पन्न येऊ लागले. पुढे वनविभाग आणि कांदळवन कक्ष यांचा सहभाग वाढला. जानेवारी २०२२ मध्ये वेळास येथे एका मादी कासवावर उपग्रह संदेशयंत्र बसवण्यात आले. तिला प्रथमा असे नाव देण्यात आले.

वेळासला दर्जा मिळाला नव्हता, पण मालकीची भावना मिळाली होती. किनाऱ्यावर वाळूउपसा झाला अथवा बांधकाम आले, तर कासवांबरोबर आपलेही नुकसान होईल, हे गणित गावाला समजले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या परिसरात किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन, मंडणगड व दापोली तालुक्यांतील नारळी-पोफळीच्या बागा उन्मळून पडल्या. पोफळीचे झाड उत्पन्न देऊ लागण्यास अनेक वर्षे लागतात. अशा वेळी उपजीविकेचा दुसरा आधार असणे म्हणजेच हवामानबदलाशी जुळवून घेणे होय. या संकल्पनेचा याहून सोपा अर्थ सांगता येणार नाही.

अर्थात वेळासचा मार्गही निर्धोक नाही. सागरी कासवांच्या अंड्यांतून नर निघणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरते. वाळू अधिक तापली तर माद्यांचे प्रमाण वाढते आणि फार तापली तर गर्भच मरतात. किनाऱ्याची धूप झाल्यास घरटी भरतीच्या पाण्यात सापडतात. गावकऱ्यांची राखण या संकटांना रोखू शकत नाही. ती फक्त वेळ मिळवून देते.

कांदळवनांचा धडा

कोकणातील कांदळवनांच्या बाबतीत कायदा आणि लोकसहभाग या दोन्ही बाजूंचा अनुभव मिळतो. १९९१ मध्ये किनारपट्टी नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना निघाली. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि खाड्या व कांदळवने बुजवण्याची किंमत महानगराला कळली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या तोडीवर बंदी घातली. सप्टेंबर २०१८ मधील अंतिम निकालात, कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावरील आघात असल्याचे न्यायालयाने म्हटले. दरम्यान २०१२ मध्ये राज्याच्या वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. देशात अशी व्यवस्था प्रथमच होत होती.

वनसर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील कांदळवनांचे क्षेत्र २०१३ च्या अहवालात १८६ चौरस किलोमीटर होते, तर २०२३ च्या अहवालात ते सुमारे ३१५ चौरस किलोमीटर दाखवले आहे. सुधारलेल्या उपग्रह प्रतिमांचा या वाढीत वाटा आहे, हे लक्षात घेतले तरी चित्र आशादायक आहे.

२०१७ मध्ये राज्याने कांदळवन संरक्षण आणि उपजीविका निर्माण योजना सुरू केली. खेकडापालन, कालवपालन, पिंजऱ्यातील मत्स्यपालन आणि निसर्ग पर्यटन यांसाठी किनारी गावांतील गटांना साहाय्य मिळू लागले. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय हरित हवामान निधीने आंध्र प्रदेश, महाराष्ट्र आणि ओडिशातील किनारी समुदायांसाठी ४ कोटी ३४ लाख डॉलरचे अनुदान मंजूर केले. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या सदस्या स्वतः होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. खाडीतील झाडे उभी राहण्यात आता या महिलांचा प्रत्यक्ष स्वार्थ आहे. संवर्धनाला असा स्वार्थ लाभणे हे शुभलक्षण मानले पाहिजे.

दुसरी बाजू रायगड जिल्ह्यात दिसते. पेण आणि अलिबागच्या खारेपाटात शेतकऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या खाडीलगत मातीचे बांध घालून भातशेती केली. बांधांना खांडी पडल्या आणि त्यांची दुरुस्ती वेळेवर झाली नाही, की भरतीचे खारे पाणी शेतात शिरते. पीक जाते आणि काही वर्षांत तेथे कांदळ उगवते. कांदळ उगवले, की ते कायद्याने संरक्षित होते. जमीन सातबाऱ्यावर शेतकऱ्याची, पण तिच्यावर नांगर चालवता येत नाही, अशी त्याची कोंडी होते. नकाशावर हिरवे क्षेत्र वाढलेले दिसते, पण त्या हिरव्या रंगाखाली एखाद्याचे बुडालेले शेत असू शकते. अशा शेतकऱ्याला भरपाई, बांधदुरुस्ती अथवा पर्यायी उत्पन्न यांपैकी काहीच मिळाले नाही, तर त्याच्या मनात कांदळवनाविषयी आस्था कशी निर्माण होणार? त्याच वेळी, डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वेसाठी सुमारे २२ हजार कांदळवृक्ष तोडण्यास न्यायालयाने सार्वजनिक हिताच्या आधारे अनुमती दिली. मोठ्या प्रकल्पाला सवलत आणि लहान शेतकऱ्याला नियम, अशी भावना त्यातून बळावते.

कांदळवनांचे मोल वादातीत आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्यात ज्या गावांच्या आणि समुद्राच्या मधे कांदळवनांचा रुंद पट्टा होता, तेथे मृत्यूंचे प्रमाण कमी राहिल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. २०२३ मध्ये केंद्र सरकारने मिष्टी योजनेद्वारे सुमारे ५४० चौरस किलोमीटर क्षेत्रावर कांदळवनांचे उद्दिष्ट ठेवले. वृक्षलागवडीच्या आकड्यांइतकेच लक्ष ती लागवड कोणाच्या जमिनीवर आणि कोणाच्या संमतीने होते याकडे दिले गेले, तरच या योजनेचे फलित टिकाऊ होईल.

पुढील मार्ग

समुद्रकिनाऱ्याला, काही उणिवा असल्या तरी, किनारपट्टी नियमनाचे कवच आहे. ते भरती-ओहोटीच्या क्षेत्रापुरते मर्यादित असल्याने काशीच्या तटाला लागू होत नाही. नद्यांसाठी अशाच स्वरूपाच्या नियमन क्षेत्राची कल्पना वर्षानुवर्षे चर्चेत राहिली. गंगेपुरता ऑक्टोबर २०१६ चा केंद्रीय आदेश महत्त्वाचा आहे. नदीच्या सक्रिय पूरमैदानात बांधकामे होऊ नयेत, असे तो सांगतो. रामनगरसमोरील वाळू वर्षातून काही आठवडे नदीच असते. त्या भागाची पूरमैदान म्हणून स्पष्ट आखणी आणि तिची काटेकोर अंमलबजावणी हे पहिले पाऊल ठरेल.

दुसरे पाऊल कायद्यातच उपलब्ध आहे. १९८९ मध्ये अभयारण्य हाच प्रमुख पर्याय होता. २००२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्यात संवर्धन राखीव क्षेत्राची तरतूद झाली. अशा क्षेत्रासाठी स्थानिक समुदायांशी विचारविनिमय करावा लागतो आणि व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतींच्या प्रतिनिधींना स्थान असते. २०२० मध्ये अभयारण्य हवे की नको, एवढाच प्रश्न विचारला गेला. संरक्षणाचा प्रकार बदलण्याचा, मल्लाह समाजाला राखणदार म्हणून सामावून घेण्याचा, पूरोत्तर शेती आणि नियंत्रित मासेमारीला जागा ठेवण्याचा मधला मार्ग त्या वेळीही खुला होता. तो आजही बंद झालेला नाही.

रामनगरमध्ये दर्जा होता, पण लोक नव्हते. वेळासमध्ये लोक होते, म्हणून दर्जा नसतानाही काम टिकले. खारेपाटात दर्जा लोकांच्या डोक्यावर येऊन बसला. या तीन अनुभवांतून एकच निष्कर्ष निघतो. तटाचे रक्षण ही जलवायू परिषदांतील घोषणा न राहता वस्तीचे संरक्षण व्हायचे असेल, तर तटावर राहणाऱ्या माणसाला त्यात काम, हक्क आणि उत्पन्न मिळाले पाहिजे. पुढच्या पावसाळ्यात गंगा पुन्हा पूर्वेकडच्या वाळूवर पसरेल आणि कोकणात भरतीचे पाणी पुन्हा बांधांना धडका देईल. पाण्याला अधिसूचना वाचता येत नाहीत. काठावरच्या माणसाला मात्र पाणी वाचता येते आणि धोरण आखताना त्याचे म्हणणे आधी ऐकणे हिताचे ठरेल.